एक हुकूम, चोवीस नमुने
कापडाच्या नक्षीचे लेअर स्क्रिप्टने फिरवण्याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी

व्यापारी आणि कारीगर बंधूंनो, धंद्यात अर्ध्या मिलिमीटरची किंमत किती असते? काही वर्षांपूर्वी आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला असता तर आम्ही हसलो असतो. कापड आम्ही मीटरने विकतो आणि थानाने मोजतो. मिलिमीटर आमच्या हिशोबात कधी आलाच नव्हता.

मग एका ईदच्या हंगामात ड्रेस मटेरियलचे अठराशे मीटर कापड छापून आले. पहिले थान उलगडले आणि आमचे हातपाय गार पडले. फुले सुंदर होती, रंग पक्के होते, पण दर ३२ सेंटिमीटरला कापडाच्या पन्ह्यावरून एक बारीक पांढरी रेघ आडवी गेली होती. मुंबईच्या गिऱ्हाइकाने दोन थाने पाहिली आणि माल परत केला. शेवटी तो सगळा माल आम्ही सेकंडच्या भावाने काढला. त्या हंगामाची कमाई तर गेलीच, शिवाय गाठीचे पैसेही गेले.

चूक छपाईवाल्याची नव्हती. नक्षी आम्ही बाहेर एका ठिकाणी कॉम्प्युटरवर बसवून घेतली होती. तिथल्या मुलाने नक्षीचा एक तुकडा माउसने ओढून दुसऱ्या तुकड्याला भिडवला होता. डोळ्यांना तो भिडलेला दिसला, प्रत्यक्षात सहा पिक्सेलची फट राहिली होती. एका इंचात ३०० ठिपके धरले तर सहा पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. दोष आमचाही होता, हे कबूल केले पाहिजे. छपाईआधी नमुन्याचा तुकडा आमच्या हातात आला होता. आम्ही घाईत रंग पाहिले, जोड पाहिला नाही.

त्या नुकसानीनंतर आम्ही ठरवले की नक्षीचा जोड बसवण्याचे काम आपल्याच पेढीत व्हायला हवे, आणि ते माउसने ओढून नव्हे तर मोजून व्हायला हवे. त्यातून जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, कॉम्प्युटरचे पंडित नाही. जे आमच्या डोक्यात शिरले ते आपल्याही शिरेल, एवढ्या भरवशावर लिहितो.

लेअर म्हणजे काय?

जुन्या नक्षीकारांकडे बटर पेपर असायचा. जमीन एका कागदावर, फुले दुसऱ्यावर, पाने तिसऱ्यावर, आणि मग हे पारदर्शक कागद एकावर एक ठेवून पाहायचे. कोयरी डाव्या बाजूला काढली की उजव्या बाजूसाठी पुन्हा काढायची नाही, कागद उलटा करून गिरवायचा. वेल पुढे न्यायची असेल तर कागद सरकवायचा. कॉम्प्युटरमधला लेअर म्हणजे हाच बटर पेपर. फरक एवढाच की तो फाटत नाही आणि त्याला सुरकुती पडत नाही.

या कागदाचे काय काय करता येते? तो सरकवता येतो, फिरवता येतो, आरशासारखा उलटवता येतो, लहानमोठा करता येतो आणि तिरका ताणता येतो. बस, एवढेच. लुंगीच्या काठापासून मशिदीच्या जाळीपर्यंत जेवढ्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्ष्या आपण पाहतो, त्यांचा जोड यांतल्या पहिल्या तीन हालचालींवर उभा असतो. १८९१ साली रशियाच्या फेडोरोव्ह या शास्त्रज्ञाने गणिताने सिद्ध केले की सपाट जागेवर दोन्ही दिशांनी पसरणाऱ्या नक्षीच्या पुनरावृत्तीच्या तऱ्हा एकूण १७ च आहेत, अठरावी नाही. फुले हजार असतील, पण ती मांडण्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत. ज्या कामाच्या तऱ्हा मोजक्या असतात ते काम यंत्राला सांगता येते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

स्क्रिप्ट म्हणजे लिहून ठेवलेले हुकूम. हा लेअर घे, त्याची प्रत कर, प्रत इतकी सरकव, इतकी फिरव, एकत्र कर, या नावाने जतन कर. माणूस हे माउसने दहा वेळा करतो तेव्हा दहा वेळा थोडेथोडे वेगळे होते. स्क्रिप्ट हजार वेळा केली तरी तेच करते.

विणकर बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज नाही. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ चालते, तीही एक स्क्रिप्टच आहे. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मरी जॅकार्ड यांनी १८०४ साली हे यंत्र पुढे आणले. कुठला धागा उचलायचा हा हुकूम एकदा पत्त्यात पाडला की माग तो विसरत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी पुढे अशाच पत्त्यांवर आपला हिशोब चालवला. तेव्हा स्क्रिप्ट ही परक्या घरातून आलेली वस्तू समजू नये. ती आपल्या मागावरून गेली आणि फिरून आपल्याकडे आली आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

चित्रांच्या कामात फोटोशॉपचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते १९९० साली बाजारात आले, त्यात लेअरची सोय १९९४ साली आली आणि केलेली कामे नोंदवून पुन्हा चालवण्याची ‘ॲक्शन’ नावाची सोय १९९६ साली. पुढे त्यात जावास्क्रिप्टने हुकूम लिहिण्याचीही सोय झाली. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर मिळतात. पैसे भरत राहावे लागतात.

दुसरे सॉफ्टवेअर जिंप. कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले आणि १९९८ साली त्याची १.० आवृत्ती आली. ते फुकट आहे आणि कायद्याने फुकट आहे. विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते. बाजारात वीस-पन्नास रुपयांच्या सीडीवर चोरीचे सॉफ्टवेअर विकत घेण्याचे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. आमच्या दुकानातही ते होते, खोटे कशाला बोलायचे? आपली नक्षी कुणी चोरली तर आपण बोंब मारतो, मग दुसऱ्याची मेहनत आपण कोणत्या तोंडाने चोरावी? जिंपमध्ये हा प्रश्नच उरत नाही.

जिंपमध्ये हुकूम दोन बोलींत लिहिता येतात. एक स्क्रिप्ट-फू, जी स्कीम नावाच्या भाषेवर उभी आहे, आणि दुसरी पायथन. आमच्या भाच्याने स्क्रिप्ट-फू निवडली, कारण तिच्यासाठी वेगळे काही बसवावे लागले नाही. तिची रीत सोपी आहे. प्रत्येक हुकूम कंसात लिहायचा, आधी हुकमाचे नाव आणि मग त्याचा माल, म्हणजे कुठला लेअर, किती अंतर, कोणता कोन. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला पाहिजे. एक कंस राहिला तरी गाडी पुढे जात नाही. कोणकोणते हुकूम आहेत याची संपूर्ण यादी जिंपच्या मदतीच्या मेनूत ‘प्रोसिजर ब्राउझर’ या नावाने मिळते.

आमची स्क्रिप्ट काय करते?

आता खरे काम पाहू. रोटरी छपाईच्या स्क्रीनचा सर्वसाधारण घेर ६४ सेंटिमीटर असतो. म्हणजे नक्षीचे रिपीट ६४ मध्ये पूर्ण भागले जावे लागते : ६४, ३२ किंवा १६. आम्ही ३२ धरतो. इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने ३२ सेंटिमीटरचे ३७७९ आणि वर अर्धा पिक्सेल होतात. पिक्सेल अर्धा नसतो. ३७७९ घेतले तर पुढे त्याचे अर्धे करताना पुन्हा अर्धा पिक्सेल लोंबकळतो. म्हणून आम्ही ३७८० घेतो. त्याचे अर्धे १८९०, पूर्ण आकडा. दोन रिपीट मिळून ६४ सेंटिमीटरपेक्षा जो फरक पडतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे.

ड्रेस मटेरियलला बहुतेक वेळा हाफ ड्रॉप लागतो. म्हणजे नक्षीची पहिली उभी रांग जिथे असते, तिच्या शेजारची रांग अर्ध्या रिपीटने खाली उतरते. त्यामुळे फुले शिपायांसारखी एका ओळीत उभी दिसत नाहीत. स्क्रिप्टला दिलेले हुकूम असे आहेत. मूळ चौकोन ३७८० बाय ३७८० आहे का ते तपास, नसेल तर थांब. चित्राची रुंदी दुप्पट कर, म्हणजे ७५६०. मूळ लेअरची प्रत कर आणि ती बरोबर ३७८० पिक्सेल उजवीकडे ने. त्या प्रतीतली नक्षी १८९० पिक्सेल खाली सरकव, आणि खालून जो भाग बाहेर पडेल तो वरून आत घे. या शेवटच्या सोयीला जिंपमध्ये ऑफसेट म्हणतात. मग दोन्ही लेअर एकत्र कर आणि नव्या नावाने जतन कर. मूळ फाइलला हात लावू नको.

यात माउसने ओढणे कुठेच नाही, म्हणून फट पडायला जागाही नाही. लहान बुट्ट्यांच्या कामात याचे मोल जास्त कळते. चार सेंटिमीटरची बुट्टी ६४ सेंटिमीटरमध्ये सोळा वेळा येते. प्रत्येक जोडात एकच पिक्सेल चुकला तरी सोळा जोडांत मिळून सव्वा मिलिमीटरहून जास्त चूक साठते. उधारीसारखेच आहे हे. थोडी थोडी म्हणता म्हणता केवढी होते ते हंगामाच्या शेवटी कळते.

दुसरा फायदा वेळेचा. एका गिऱ्हाइकाने एकच नक्षी चार आकारांत आणि सहा रंगांत मागितली, म्हणजे चोवीस फाइली. पूर्वी हे काम दीड दिवसाचे होते आणि त्यात दोन-तीन फाइली हमखास चुकायच्या. आता आकाराचे आकडे आणि रंगांची यादी स्क्रिप्टला दिली की चहा होईपर्यंत चोवीस नमुने तयार असतात.

कुठे फसायला होते?

आम्ही जिथे जिथे ठेचकाळलो ती ठिकाणे सांगून ठेवतो, म्हणजे आपली ठेच वाचेल.

पहिली ठेच कोनाची. भाच्याने लेअर ४५ अंशांत फिरवायला हुकमात ४५ लिहिले. फूल भलतीकडेच तोंड करून आले. तासभर डोके खाजवल्यावर कळले की जिंपचा हा हुकूम अंश ओळखत नाही, तो रेडियन मोजतो. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश, म्हणजे ३.१४१६ रेडियन. ९० अंशांसाठी १.५७०८ आणि ४५ साठी ०.७८५४ लिहावे लागते. ४५ रेडियन म्हणजे सात पूर्ण फेरे आणि वर सुमारे ५८ अंश, आणि फूल नेमके तेवढेच फिरले होते. फोटोशॉपची स्क्रिप्ट मात्र अंशच मानते. यार्ड आणि मीटरचा घोळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरी ठेच रंगांची, आणि छपाईवाल्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची. पाच रंगांच्या नक्षीला पाच स्क्रीन लागतात. लेअर आडव्यातिडव्या कोनात फिरवला किंवा लहानमोठा केला की सॉफ्टवेअर कडा मऊ करण्यासाठी दोन रंगांच्या मधल्या छटा आपल्या मनाने भरते. याला इंटरपोलेशन म्हणतात. फोटोला ते शोभते. कापडाच्या नक्षीत मात्र लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबीच्या शंभर छटा उभ्या राहतात आणि रंग वेगळे करताना गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे फिरवण्याच्या आधी स्क्रिप्टमध्येच इंटरपोलेशन बंद करण्याचा हुकूम देणे. कडा जरा खडबडीत येतात, त्या हाताने साफ कराव्या लागतात, पण रंग पाचाचे पाचच राहतात. बरोबर ९० किंवा १८० अंशांत फिरवण्याचा वेगळा साधा हुकूम आहे. तो वापरला किंवा आरशासारखे उलटवले, तर ही भानगड मुळातच नाही.

तिसरी ठेच प्रतीच्या प्रतीची. आठ पाकळ्यांचे फूल करायचे तर पहिली पाकळी फिरवून दुसरी, दुसरी फिरवून तिसरी असे करू नये. प्रत्येक वेळी थोडी घासाघीस होते आणि आठवी पाकळी पुसट निघते. दर वेळी मूळ पाकळीच घ्यावी आणि ती एकदा ४५, एकदा ९०, एकदा १३५ अंशांत अशी फिरवावी.

चौथी ठेच क्रमाची. आधी उलटवून मग फिरवणे आणि आधी फिरवून मग उलटवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. रंगारी बंधू जाणतात की आधी ब्लीच आणि मग रंग, उलटे केले तर काय होते ते सांगायला नको. तसेच हे. हुकमांचा क्रम एकदा कागदावर लिहून मगच स्क्रिप्टमध्ये घालावा.

पाचवी ठेच लेअरच्या मापाची. जिंपमध्ये लेअर चित्रापेक्षा लहान असू शकतो. फूल मध्यभागी असेल तर लेअरची चौकट फुलापुरतीच असते. अशा लेअरला ऑफसेटचा हुकूम दिला तर तो चित्राच्या नव्हे, आपल्याच छोट्या चौकटीत गरगरतो आणि फुलाचे दोन तुकडे होतात. म्हणून आधी लेअर चित्राच्या मापाचा करावा, मग सरकवावा.

सहावी ठेच ऐकून वाचक हसतील. एका ओढणीच्या नक्षीत कोपऱ्यावर आमच्या पेढीचे नाव उर्दूत वेलबुट्टीसारखे लिहिले होते. स्क्रिप्टने इमानेइतबारे सगळे लेअर उलटवले, त्यात नावही उलटे झाले. भाचा इंग्रजी शाळेतला, त्याला ती वेलच वाटली. आम्ही एका नजरेत ओळखले, कारण आमचे नाव आमच्याकडे पाठ करून उभे होते. आता अक्षरांचा लेअर वेगळा ठेवतो, त्याच्या नावाच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण घालतो, आणि ती खूण दिसली की स्क्रिप्ट त्या लेअरला सोडून पुढे जाते.

आणखी एक सावधगिरी. जिंपची ३.० आवृत्ती २०२५ साली आली. तिच्यात एकाच वेळी अनेक लेअर निवडता येतात, म्हणून निवडलेला एक लेअर मागण्याचा जुना हुकूम बदलला, आणखीही काही हुकमांची नावे व रीत बदलली. जुन्या स्क्रिप्टपैकी बऱ्याच दुरुस्त केल्याशिवाय चालत नाहीत. हंगाम तोंडावर असताना सॉफ्टवेअर बदलू नये. जुने ठेवून नवे बाजूला तपासून पाहावे.

उस्तादांची नजर

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या पेढीत एक वयस्क नक्षीकार आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पस्तीस वर्षे त्यांनी ब्रशने नक्षी काढली आहे. स्क्रिप्ट चालू झाली तेव्हा ते दोन दिवस काही बोलले नाहीत. आम्हीही, झाकून काय ठेवायचे, मनात हिशोब केला होता की आता उस्तादांच्या पगाराचे काय. चोवीस फाइली चहाच्या वेळेत होतात, मग पस्तीस वर्षांच्या हाताला कोण विचारणार?

तिसऱ्या दिवशी भाच्याने स्क्रिप्टने बसवलेली पहिली मोठी नक्षी कागदावर छापून भिंतीवर लावली. जोड असा की भिंग घेऊन शोधला तरी सापडू नये. भाचा म्हणाला, “मामू, आता दाखवा रेघ.” आम्ही शाबासकी दिली. उस्ताद उठले, दहा पावले मागे गेले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, “मियाँ, यात गल्ली पडली आहे.”

आम्हाला काही दिसेना. त्यांनी आम्हालाही मागे बोलावले आणि डोळे मिटल्यासारखे करायला सांगितले. मग दिसले. फुलांच्या मधली मोकळी जागा एकीखाली एक येऊन पूर्ण नक्षीतून एक तिरकी वाट गेली होती, सरळ गल्लीसारखी. एका चौकोनात ती दिसत नव्हती. चौकोन पुन्हापुन्हा आला तेव्हाच ती तयार झाली. शिवलेल्या कुर्त्यावर ती पहिल्यांदा नजरेत भरली असती, आणि मालाला दुसऱ्यांदा तोच डाग लागला असता.

उस्तादांनी पेन्सिल घेतली, मूळ चौकोनात एक पान जरा वर वळवले आणि मोकळ्या जागेत एक कळी काढली. भाच्याने तेवढा बदल करून पुन्हा स्क्रिप्ट चालवली. गल्ली बंद झाली.

त्या दिवशी आम्हाला उमगले. स्क्रिप्टला माप कळते, पण नक्षी दिसत नाही. सांगितले तेवढे ती चोख करते, आणि सांगायचे काय हे ज्याच्या नजरेला कळते तोच खरा कारीगर. उस्तादांचे जे काम यंत्राने घेतले ते हमालीचे होते : तेच फूल चाळीस वेळा गिरवणे. जे राहिले ते त्यांचे हुन्नर. पगाराचा हिशोब आम्ही मनातून पुसून टाकला. आता नवी नक्षी त्यांच्या होकाराशिवाय छपाईला जात नाही.

शिवाय त्यांनी भाच्याला आपले नियम सांगितले. मोठ्या फुलाखाली मोठे फूल येऊ देऊ नये. सगळ्या कोयऱ्या एकाच दिशेला झुकवू नयेत, कारण मग कटिंगवाला कापड उलटे धरू शकत नाही आणि त्याचे कापड वाया जाते. यांतले जे नियम आकड्यांत बसले ते स्क्रिप्टमध्ये गेले. स्क्रिप्ट-फूमध्ये अर्धविरामाने सुरू होणारी ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, ती माणसांसाठी असते. भाच्याने अशा ओळींत लिहून ठेवले आहे की हा नियम उस्तादांचा. उद्या तो दुसरीकडे गेला, आम्ही उरलो नाही, तरी ती फाइल उघडणाऱ्याला कळेल की हे ज्ञान कुठून आले. आपल्या किती उस्तादांचे हुन्नर त्यांच्याबरोबर मातीत गेले याचा विचार केला की ही एक ओळ आम्हाला फार मोलाची वाटते.

सुरुवात कशी करावी?

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी नवे यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. सरावाला घरातला साधा कॉम्प्युटर पुरतो. मोठ्या मापाच्या फाइलींना जास्त मेमरी लागते, ती नंतर पाहावी. जिंप उतरवून घ्यावे. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवावे. पहिल्या आठवड्यात लेअर हाताने सरकवणे, उलटवणे, फिरवणे शिकावे, कारण जे हाताने येत नाही त्याचा हुकूम लिहिता येत नाही. मग एकच हुकूम कन्सोलमध्ये टाइप करून पाहावा : या लेअरची प्रत कर. तो चालला की दुसरा जोडावा. पाच-सहा हुकूम झाले की आपली पहिली स्क्रिप्ट तयार झाली समजा.

मूळ नक्षी नेहमी वेगळ्या जागी, वेगळ्या डिस्कवर ठेवावी. स्क्रिप्ट कधीही मूळ फाइलवर चालवू नये. आणि जे झाले ते कागदावर छापून, दोन-तीन रिपीट शेजारी शेजारी लावून, दहा पावलांवरून पाहावे. आपल्याला दिसत नसेल तर ज्याला दिसते त्याला बोलवावे.

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेणे वाईट नाही. सगळेच घरात करायला बसलो तर धंदा कधी करायचा? पण निदान काय विचारायचे एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे. रिपीट किती पिक्सेलचे आहे, जोड मोजून बसवला की ओढून, फिरवल्यावर रंग किती झाले, हे तीन प्रश्न आम्ही त्या हंगामात विचारले असते तर अठराशे मीटर कापड वाचले असते. आपण तरी ते विचारा.

त्या मालाचा एक तुकडा आम्ही पेढीच्या भिंतीवर लावून ठेवला आहे. नवा नोकर आला की त्याला आधी ती पांढरी रेघ दाखवतो, मग कॉम्प्युटर, आणि मग उस्तादांच्या शेजारी बसवतो.